मागचं कोपर

माणसाला तोंड असतं, ही गोष्ट माझ्या साडूंना कधी कोणी सांगितलीच नसावी. ते शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवत आणि सगळी दुनिया कोपरांवरून ओळखत. औरंगपुऱ्यातल्या गर्दीत रिक्षाबाहेर लोंबणारं एक कोपर पाहून त्यांनी वैजापूरच्या वर्गमित्राला हाक मारली होती, आणि निघालाही तोच! लग्नाच्या पंगतीत वाढप्याला म्हणत, "कोपर बरगडीला घासून आण, मग बघ मठ्ठा सांडतो का." बॅट फिरवायचीच नसते, मागचं कोपर आत आणायचं असतं, बॅट आपोआप मागून येते, हा त्यांचा वेद. दाढी करणाऱ्या न्हाव्यालाही त्यांनी तो ऐन वेळी ऐकवला. "सर, उस्तरा गर्दन पे है. कोहनी का बाद में देखते," तो बिचारा म्हणाला.

माझी मुलगी मनू त्यांच्याकडे खेळायला जाऊ लागली तेव्हा मात्र विपरीतच घडलं. पहिल्या दिवशी मीही मैदानावर होतो. मनूने बॅट उचलली आणि चेंडू येण्याआधी तिचं मागचं कोपर कोंबडीच्या पंखासारखं वर गेलं, जरासं थरथरलं आणि तिथंच थांबलं. साडू पांढरेफटक पडले. "शालू आली," ते पुटपुटले. शालू ही त्यांची धाकटी बहीण. सॉफ्टबॉल खेळायची; मनूच्याच वयात तापाने गेली. कोपर वर नेण्याची ही खोड तिची. मनूचं तिच्याशी रक्ताचं नातं नाही. शालूचा एकुलता एक फोटो साडूंच्या भिंतीवर आहे, तोही गळ्यापर्यंतचा. मग ते कोपर मनूने पाहिलं कुठं?

त्यानंतर साडू बाकीच्या मुलींची कोपरं धरधरून आत आणत, मनूच्या कोपराला मात्र हात लावत नसत. नुसते बघत राहत. इकडे मनूचे वेगवान चेंडू हुकत होते आणि जिल्हा संघाची निवड तोंडावर आली होती. शेवटी तीच चिडून म्हणाली, "काका, माझंच कोपर का धरत नाय तुम्ही? मला बी संघात जायचंय."

साडू माझ्याकडे वळले. "राव, ते खाली आणलं तर शालू जाईल हो."

पोर माझी होती आणि बहीण त्यांची. मग ते स्वतःच मनूच्या मागे जाऊन उभे राहिले, तिच्या कोपरावर हात ठेवला आणि म्हणाले, "घे गं आता खाली, शालू."

"बाबा, मी हात सैल सोडला होता," मनू नंतर मला सांगत होती, "तरी कोपर खाली येईना. वरून कुणीतरी धरल्यागत." मग ते एकदम आलं. पुढचा चेंडू तिने कुंपणापार मारला. साडूंनी तो पाहिलाच नाही. मघाशी कोपर जिथं होतं, त्या रिकाम्या जागेकडे ते बघत राहिले.

मनूची निवड झाली. साडू आता चारचौघांसारखे लोकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. घरचे म्हणतात, लई सुधारले. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा त्यांच्याकडे चहा पिताना मी मुद्दाम कोपर खांद्याच्याही वर नेलं. चहा शर्टावर सांडला. साडूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मायेने विचारलं, "बरं हाय ना?"

मी मुकाट्याने कोपर खाली घेतलं.