उवांचा लातूर पॅटर्न

सुट्टीत लातूरला गेले की मैत्रिणी विचारतात, शाळा काय म्हणतेय? मी सांगायला लागते आणि पाचव्या मिनिटाला सगळ्यांचे हात आपापल्या डोक्यात! तरी "अजून एक सांग" चालूच. साठा भरपूर आहे. देगलूर तालुक्यातल्या एका छोट्या गावात मी चौथीला शिकवते. वर्गात बावीस डोकी आहेत, आणि या हिवाळ्यात एकाही डोक्यानं मला रिकाम्या हाती पाठवलं नाही.

* * *

सुरुवात पल्लवीपासून. चौथीतली पोरगी, कमरेपर्यंत वेणी, गॅदरिंगच्या डान्समध्ये पहिल्या रांगेत मधोमध. एका सोमवारी ती डोक्याला स्कार्फ गुंडाळून, रडून लाल झालेले डोळे घेऊन आली.

आदल्या दिवशी तिच्या आज्जीला, गंगाबाईंना, तिच्या डोक्यात ऊ सापडली होती. त्यांनी अंगणात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, "पंधरा दिवस देते. नंतर माझ्या घरात ज्याच्या डोक्यात ऊ दिसंल त्याचं चकोट. मग कुणी का असंना."

गंगाबाई बोलल्या की ते होतंच. मुलानं आणलेला नवा ट्रॅक्टर त्यांनी हॉर्न आवडला नाही म्हणून शोरूमला परत पाठवला होता.

आणि गॅदरिंग सोळा दिवसांवर. मला नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झालेले, रक्त गरम. मी सगळ्या वर्गासमोर पल्लवीला शब्द दिला की तुझ्या केसाला कात्री लागू देणार नाही.

दारातून जाणारे हेडसर थांबले. "मॅडम, शब्द द्यायच्या आधी डोकं बघायचं होतं."

मग मी बघितलं. सर बरोबर होते.

* * *

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवला. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, घर स्वच्छ आहे का घाण हे बघत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडं जाते, एवढंच. म्हणून डोकी लावायची नाहीत, फणी, कंगवा, रिबिनी एकमेकींच्या वापरायच्या नाहीत, वेणी घट्ट घालायची. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, आम्ही डोकी लावतच नाही.

मधल्या सुट्टीत बाहेर आले तर लिंबाखाली पाच डोकी एकमेकांना चिकटलेली, वरून बघितलं तर एकच मोठं डोकं वाटावं. मी ओरडले.

त्यातलं एक डोकं वर झालं. "डोकी न्हाई लावली मॅडम, मोबाईल बघायलोय."

* * *

पालकसभेत मी "ऊ" म्हटलं आणि सगळी सभा खाजवायला लागली. हेडसरही. तालुक्याहून आलेले केंद्रप्रमुखही.

मग उपायांचा पाऊस. एकानं रॉकेल सुचवलं. एकीनं डांबरगोळ्या तेलात उकळायला सांगितल्या. पल्लवीच्या आईनं तर पिशवीतून बरणीच काढली, सासूबाईंनी दिलेली सीताफळाच्या बियांची पूड. मी ती बरणी हिसकावूनच घेतली. ती पूड डोळ्यात गेली तर पोरीचा डोळा जाऊ शकतो, रॉकेलनं कातडी भाजते आणि चुलीजवळ तर डोकंच पेटेल, हे मी एका दमात सांगितलं. आवाज चढला होता, कबूल आहे.

मागून एक काका उठले. "मॅडम, आपल्याकडं कपाशीचं औषध हाय. एवढी मोठी अळी मरती. ऊ काय चीज हाय?"

"काका, कपाशीला डोळे नसतात. नाक नसतं. आई पण नसते."

काका खाली बसले. बसून डोकं खाजवलं.

* * *

उपाय माझ्याकडं होता, फक्त तो कंटाळवाणा होता. केस ओले करायचे, भरपूर तेल किंवा कंडिशनर चोपडायचं, चार भाग पाडायचे आणि बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची. दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसून बघायचं. असं दर तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे, कारण आज सुटलेल्या लिखा आठवडाभरात फुटतात. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची.

मी फळ्यावर वेळापत्रक मांडलं. हेडसरांनी चष्मा पुसून ते वाचलं.

"टेस्ट सिरीज, रिव्हिजन, परत टेस्ट," ते म्हणाले. "लातूरच्या माणसाच्या हातात ऊ जरी दिली तरी तो तिचा क्लास लावणार."

तेव्हापासून शाळेत त्याला लातूर पॅटर्न म्हणतात. बाकीच्या पोरी पास होत गेल्या. पल्लवी मात्र गुरुवारी माझ्या हातून स्वच्छ होऊन घरी गेली आणि सोमवारी परत नापास.

* * *

पल्लवीच्या आईनं शोध लावला की या उवा गावच्या नाहीतच, बोधनच्या मावशीकडून आल्या. तिनं माझ्यासमोर तेलंगणात फोन लावला. मावशी अर्धं तेलुगू, अर्धं मराठीत बराच वेळ बोलली. पल्लवीच्या आईचा चेहरा पडत गेला.

"काय म्हणाल्या?"

"ती म्हणती, दिवाळीला तुमच्याकडं आलो तवापासून आमचं अख्खं घर खाजवायलंय."

* * *

एवढ्यात संक्रांत आली. घरोघरी जाऊन फण्या द्याव्यात तर बायका चिडणार, आमच्या घरात उवा आहेत असं म्हणायचंय का म्हणून. मग मी शाळेतच हळदी-कुंकू ठेवलं. तिळगूळ दिला, हळद-कुंकू लावलं आणि प्रत्येकीच्या हातात वाण ठेवलं. उवांची फणी!

पल्लवीच्या शेजारची एक काकू म्हणाली, "मॅडम, हे वाण हाय का टोमणा?"

पण वाण परत करता येत नाही. अर्ध्या तासात शाळेच्या ओट्यावर उन्हात बायकांची रांग लागली, जी ती पुढचीचं डोकं बघतेय. सगळ्यात शेवटी बसलेली मागं वळून विचारायला लागली, माझं कोण बघणार?

* * *

पंधरावा दिवस रविवार होता. मी पोहोचले तेव्हा गंगाबाईंच्या अंगणात माधव न्हावी धोकटी उघडून बसला होता आणि कंपाउंडवर निम्मी गल्ली. पल्लवी पाटावर बसलेली, दोन्ही हातांनी वेणी छातीशी धरून.

शनिवारी शाळा सुटताना मी तिचं डोकं शेवटचं विंचरलं होतं; आता परत वेणी सोडली. चार भाग पाडले, वीस मिनिटं फणी ओढली. फडकं पांढरंच. गंगाबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी चष्मा लावून स्वतः फणी फिरवली. पांढरंच. मग पल्लवीचा बाप बसला, आई बसली, धाकटा भाऊ बसला. सगळे पास. माधव वस्तरा परजून परजून थकला होता.

मी म्हटलं, "आज्जी, एक डोकं राहिलं."

गंगाबाई हसल्या. "माझं? अगं, ही पोरगी रोज माझ्या गोधडीत निजती. माझ्यात असत्या तर मला कळलं नसतं?" आणि सगळ्या गल्लीकडं बघत त्यांनी अंबाडा सोडला, फणी पल्लवीच्या हातात दिली. "बघ गं. मॅडमचं समाधान कर."

पल्लवीनं मी शिकवलं तसं केलं. मुळापासून टोकापर्यंत, मग फडक्यावर पुसलं. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. मग ती थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

गंगाबाईंनी फडकं तिच्या हातातून घेतलं. आधी चष्म्यातून बघितलं, मग चष्मा वर करून बघितलं. कंपाउंडवर कुणी हलेना. माधवनं वस्तरा उचलला आणि कुणाकडं बघावं ते न कळून तसाच धरून ठेवला.

गंगाबाईंनी फडक्याची चौपदरी घडी घातली. अंबाडा घट्ट बांधला.

"माधव," त्या म्हणाल्या, "चहा घे अन् जा."