चित्ताळ अक्काची भिंत

जॉर्ज टाउनमधल्या ज्या खोलीत मी वाढले तिथे वस्तू ठेवायला जागा नव्हती, म्हणून आमच्याकडे वस्तूच नव्हत्या. खाली सोनं गाळायची भट्टी आणि वर आम्ही तिघं. माझे वडील, आबा, खानापूर तालुक्यातून गलाईच्या कामासाठी इथे तमिळ मुलखात आले आणि दुसऱ्यांचं सोनं वितळवता वितळवता त्यांची छाती निकामी झाली. तेजाबाचा वास भातालासुद्धा यायचा. मी जिन्यात बसून अभ्यास केला आणि मेकॅनिकल इंजिनीअर झाले. आमच्या दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, लाजत नाही.

गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथून जवळच दोन खोल्यांचं घर झालं, मागे थोडी मोकळी जमीनही मिळाली. आईने गावाकडचं बी आणून गवार, दोडका, मेथी लावली आणि आमच्याकडे पहिल्यांदाच वस्तू झाल्या. खुरपी, फावडं, पाइप, शेणखताची आणि निंबोळी पेंडीची पोती. हे सगळं आबांच्या खोलीत. आबा खोकले की आई एक पोतं या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवायची. पावसाळ्याआधी मागे एखादी स्वस्तातली खोपी बांधायचीच, असं मी ठरवलं.

अक्का भेटली ती याच सुमाराला. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं आणि ती तिथे चित्ताळ होती. विटांची आणि कालवलेल्या सिमेंटच्या मालाची घमेली डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला इकडे चित्ताळ म्हणतात. ती रिकामी चालली तरी डोक्यावर घमेलं असल्यासारखीच चालायची. मान ताठ, डोळे समोर, आणि पायाखालची वीट न बघता ओलांडायची. आमच्या नळावर पाणी भरायला आली की आईशी बोलत बसे. आईचं तमिळ दुकानापुरतं, अक्काला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तरी दोघी अर्धा अर्धा तास बोलायच्या. कशाबद्दल, ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर आई म्हणायची, "काय न्हाई गं, घरचंच."

मी खोपीचं चित्र काढलं होतं. कमरेइतकी विटांची भिंत, त्यावर सुरूचे वासे आणि जुने पत्रे. प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये. अक्काने कागद हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि परत दिला.

"किती हात?" तिने विचारलं.

"कुणाचे हात?"

"जो बांधेल त्याचे." आणि लगेच म्हणाली, "कोत्तनार बोलावू नकोस, कण्णु. मी बांधते."

कोत्तनार म्हणजे गवंडी, आणि कण्णु म्हणजे लाडाने बाळ. अक्काने तीस वर्षं गवंड्यांच्या हाताशी माल दिला, पण थापी तिच्या हातात कुणी दिली नव्हती. बायकांनी वाहायचं आणि पुरुषांनी लावायचं, अशीच इथली रीत. शेजारच्या कामावरच्या मेस्त्रीला तिने विचारलंही होतं. तो सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "आधी कुठे बांधलेली भिंत दाखव, मग थापी देतो."

"बांधू दिली तर दाखवीन ना?" अक्का मला म्हणाली. "आता तुझी दाखवीन."

म्हणजे आम्हाला हवी होती खोपी आणि तिला हवी होती भिंत. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर गवंडी परवडत नव्हता, म्हणूनच हो म्हटलं.

रविवारी काम सुरू झालं आणि माझं डोकं चालेनासं झालं. अक्का म्हणायची, "लवकर, लवकर, माल सुकतोय," आणि मी धावत घमेलं आणलं की ती शांतपणे बसून पान लावायची. पाडलेल्या घराच्या जुन्या विटा आम्ही आणल्या होत्या. त्या तिने दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्या. भिंत कोरडी हवी म्हणून बांधतोय, मग विटा ओल्या कशाला, हे मला कळेना. विचारलं तर म्हणाली, "तहानलेली वीट मालातलं पाणी पिऊन टाकते." हे मात्र पटलं. पण त्यानंतरच्या दहा गोष्टी नाही पटल्या.

आणि या कामावर चित्ताळ कोण? मी. कारखान्यात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. इथे मी घमेली वाहत होते आणि वर बोलणी खात होते. "मान! कॉलेजात मान ताठ ठेवायला शिकवत नाहीत का?" अक्का ओरडायची. खिडकीतून आबा हसायचे आणि हसता हसता खोकायचे.

ती पहिल्या दिवसापासून थापी डाव्या हातात धरायची. मला वाटलं डावखुरी असेल. पण जेवायची उजव्या हाताने. पुढे कळलं, मेस्त्री जेवायला गेला की ती चोरून थापी उचलायची, आणि उजवा हात डोक्यावरच्या घमेल्याला लागलेला असायचा. मग सवय पडली ती डाव्याचीच.

तिसऱ्या रविवारी मी दळण घेऊन परत आले तर अक्का भिंत पाडत होती.

भिंत गुडघ्याच्या वर आली होती, सरळ होती. मी स्वतः ओळंबा लावून पाहिला होता. मी ओरडले, "अक्का, काय करतेस? प्लॅनमध्ये दार इथेच आहे, भिंतही इथेच आहे!" ती एकेक वीट सोडवायची, माल खरवडायची, बाजूला रचायची. पुन्हा विचारलं, तरी तिची थापी चालूच. आई बाहेर आली आणि तीही नुसती बघत उभी राहिली. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

शेवटची वीट रचून झाल्यावर अक्का म्हणाली, "इथला मोठा पाऊस समुद्रावरून येतो. ऐप्पसीत. तुझं दार समुद्राकडे आहे."

ऐप्पसी म्हणजे आपला आश्विन-कार्तिक. समुद्र इथे पूर्वेला, आणि दार पूर्वेला ठेवायला आईने सांगितलं होतं. आमच्या गावाकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेला दार कुणी ठेवत नाही. आई इथे तीस वर्षं राहिली, मी इथे जन्मले, पण जॉर्ज टाउनच्या त्या गल्लीत पाऊस नुसता वरून पडायचा. त्याला दिशा असते, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस?" मी विचारलं. मला राग आला होता. तीन रविवार गेले होते, पाऊस तोंडावर होता, आणि मेस्त्रीचं कामही संपत आलं होतं. तो निघून गेला असता तर ही भिंत दाखवणार कुणाला?

अक्काने थापी धुतली. बराच वेळ धुतली.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली. "चित्ताळ कोत्तनाराला सांगत नाही. तीस वर्षं चुकीच्या खिडक्या बघितल्या, सांगितलं नाही. काल आठवलं, इथे कोत्तनार मीच आहे."

आईने दार पश्चिमेला करायला एकदाच विरोध केला, "अगं, मावळतीला दार करत्यात व्हय?" मग तीच विटा द्यायला लागली.

त्यानंतर आम्ही रविवारची वाट पाहिली नाही. मी कारखान्यातून आल्यावर आणि अक्का तिचं काम संपल्यावर, दिवस मावळेपर्यंत बांधत होतो. वासे उभे राहिले, पत्रे चढले. दोन दिवसांनी पाऊस लागला आणि तीन दिवस थांबला नाही. समुद्राकडून आडवा येत होता. मी छत्री धरून खोपीत गेले, पोती हाताने चाचपली. कोरडी होती. मी जिथे दार काढलं होतं, त्या भिंतीवर पाणी फटके मारत होतं.

पाऊस उघडल्यावर अक्का मेस्त्रीला घेऊन आली. तो नको तिथे वाकून बघत होता. ओळंबा सोडला, कोपऱ्याला गुण्या लावला, एका जागी विटेवर नख ओढलं.

"इंजिनीअरबाईंनी बांधली वाटतं," तो मला म्हणाला.

"मी घमेली वाहिली," मी म्हटलं. "बांधली हिने."

"दार पश्चिमेला का?"

मी तोंड उघडणार होते, पण अक्का आधी बोलली. "कारण पाऊस समुद्राकडून येतो. तुमच्या जिन्याची खिडकीपण चुकलीय. पाणी आत आलं असेल, जाऊन बघा."

मेस्त्री ओळंबा गुंडाळून निघून गेला. मला वाटलं, संपलं. त्या एका वाक्यापायी बाईने सगळं घालवलं. अक्का मात्र आईबरोबर बसून चहा प्यायली आणि दोघी पुन्हा कशावर तरी हसल्या.

दुसऱ्या आठवड्यात शेजारचं काम उरकलं. ती माणसं टेम्पोत बसून गेली, तेव्हा मी कारखान्यात होते. अक्का माझ्यासाठी निरोप ठेवून गेली नाही, आईला काही सांगितलं असेल तर आई ते सांगत नाही. मला याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तिने दिलेला फोन नंबर लागत नाही. कधी वाटतं, आम्ही तिला भिंत दिली. कधी वाटतं, तिने आम्हाला. नक्की काय झालं हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

वर्षभराने तोच मेस्त्री स्टेशनजवळ भेटला. मी अक्काची चौकशी केली. तो त्रासल्यासारखा म्हणाला, "आता फार बोलते ती."

अक्का त्याच्याच कामावर कोत्तनार आहे. पोती खोपीत गेली, आबांची खोली आता आबांनाच मोकळी झाली आहे.