झुलत्या पुलाचे टेकू

इंग्लंडातल्या टीज नदीवर कोळशाच्या रेल्वेसाठी साखळ्यांचा झुलता पूल उभा राहू लागला, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त नावं ठेवली ती मॅथ्यू ट्वेडलनं. तो नावाडी. पूल झाला तर आपल्या होडीला कुत्रं विचारणार नाही, ही त्याची खरी धास्ती. पण ती कबूल करील तर तो ट्वेडल कसला!

"साखळीला कुत्रं बांधतात, आगगाडी नाही," असं तो धक्क्यावर भेटेल त्याला ऐकवायचा.

चाचणीच्या दिवशी कोळशानं भरलेले डबे पुलावर चढले. डब्यांखालचा भाग खचला आणि पुढचा भाग लाटेसारखा वर उचलला गेला. उंच टोपीवाल्या साहेबांचे चेहरे पांढरेफटक पडले. मॅथ्यूनं मात्र आनंदानं आरोळी ठोकली. शेजारच्या पाद्रीबाबांना वाटलं, हा पुलाचा जयजयकार करतोय. त्यांनी कौतुकानं त्याचा हात दाबला.

मग डबे लांब साखळ्यांनी एकमेकांपासून दूर ठेवून, थोडेथोडे पार नेऊ लागले. तरी पूल वाकतच राहिला. शेवटी एक मुकादम मॅथ्यूच्या दारात आला.

"ट्वेडल, पात्रात खांब रोवायचेत. तळ कुठं घट्ट आहे, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही."

"झुलत्या पुलाला खांब कशाला?"

"झुलतोच तो," मुकादम खाकरला. "फक्त जरा... टेकायला हवंय."

मॅथ्यू पोट धरून हसला. आतून बायको केझिया कडाडली, "दात काय काढतोस? जा! गावभर बोंबलत फिरण्यापेक्षा बरं!"

तो गेला. हिवाळाभर बर्फासारख्या पाण्यात लांब काठीनं तळ चाचपून त्यानं चिकणमातीची जागा दाखवली, खांब ठोकताना होडी रेटून धरली. गाडी विनातक्रार पार झाली, त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले. त्यानंतर पुलाची टवाळी करणाऱ्याशी तो हातघाईवर येई.

"अरे, तूच म्हणायचास ना, पडेल म्हणून?" एका कोळ्यानं विचारलं.

"तेव्हा तो साहेबांचा होता!"

काही वर्षांनी नवा पूल बांधून जुना उतरवला. साखळ्या चटकन निघाल्या. खांब उपटताना मात्र मजुरांचा घाम निघाला. मॅथ्यू काठावर बसून दिवसभर पाहत होता, कुणी शिवी हासडली की मान डोलवून म्हणे, "हं. तो उत्तरेकडचा खांब. जमणार नाही तुम्हाला."