दाभणबाईंच्या शेजारची खुर्ची

वकीलसाहेबांच्या ऑफिसात कारकुनीच्या टेबलाशेजारी एक लाकडी खुर्ची होती. कायदा शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवलेली. दोन वर्षांत चौघं तिच्यावर बसली आणि चौघंही सत्र संपायच्या आत उठून गेली. पाचवी मुलगी आली तेव्हा साहेबांनी कारकूनबाईंना सांगून टाकलं, "ही परीक्षेपर्यंत टिकली तर ठीक. नाहीतर खुर्ची माळ्यावर आणि मुलांना द्यायचा तो पगारही बंद. उगाचचं कौतुक पुरे."

बाईंना ते लागलं, कारण तो पगार त्यांनी भांडून मिळवला होता. पूर्वी मुलं फुकट राबायची. त्यातला एकजण रोज दुपारी पाणी पिऊन म्हणायचा, "जेवूनच आलोय." बाईंनी आठवडाभर पाहिलं आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. "फुकट राबवायचं तर आपल्या घरच्यांना राबवावं. परक्याचं लेकरू उपाशी ठेवून मला रात्री देवापुढे उभं राहवत नाही." साहेब पुष्कळ कुरकुरले, पण दुसऱ्या महिन्यापासून द्यायला लागले.

बाईंना सगळे दाभणबाई म्हणत. दाभण आणि दोरा घेऊन त्या अशी फाईल शिवत की शंभर हात लागले तरी पान सुटायचं नाही. बोलणंही त्याच हत्याराचं. एकतीस वर्षं त्या तिथे होत्या. रोज सकाळी मनात देवाचं नाव घेऊन कपाट उघडायचं, संध्याकाळी तेच नाव घेऊन बंद करायचं. मधल्या वेळात कोणी काही विचारलं की एकच उत्तर, "डोळे कशाला दिलेत देवाने? बघ आणि शीक." त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या कारकुनाने त्यांना असंच शिकवलं होतं. म्हणजे शिकवलं नव्हतं.

पाचवीनेही पहिल्या आठवड्यात काही विचारलं, तिलाही डोळ्यांचं उत्तर मिळालं. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. पोरगी मात्र चुणचुणीत. अशील आला की आधी खुर्ची पुढे करायची, मग कागद मागायची. बाईंच्या मनात ती कधीच भरली होती, पण तोंडावर कौतुक केलं तर माणूस शेफारतो, असं त्यांचं मत.

एका गुरुवारी कोर्टाच्या कचेरीत जायच्या गडबडीत बाईंनी दोन भावांच्या सामाईक भिंतीच्या दाव्याची फाईल तिच्यापुढे टाकली. "एवढी नीट लावून ठेव." एवढंच बोलल्या आणि गेल्या.

मुलीने फाईल उघडली. कोपरे मळलेले, पानांवरचे आकडे पेन्सिलीचे, पुसट. त्यात सदतीस नंबरच्या पानानंतर एकदम एकोणचाळीस. अडतीस गायब. कोणाला विचारावं? तिने देवाने दिलेल्या डोळ्यांनी पाहिलं, खोडरबर घेतलं आणि अडतीसपासून शेवटपर्यंत नवे आकडे घातले, सुंदर, एका ओळीत. अनुक्रमणिकाही नवी टाईप केली. संध्याकाळी बाईंनी फाईल वरवर चाळली आणि खूश होऊन कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेब कोर्टात उभे राहिले. "पान त्र्याहत्तर पाहावं. साक्षीदाराची सही स्पष्ट आहे."

न्यायाधीशांनी त्यांच्याकडच्या प्रतीत पान काढलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "इथे भिंतीवर उभी असलेली बकरी आहे. तिने सही केलेली दिसत नाही."

तो भिंतीच्या उंचीचा पुरावा म्हणून दिलेला फोटो होता. कोर्टभर हशा पिकला, समोरचा वकीलही हसला. पुढची दोन पानंही चुकल्यावर न्यायाधीशांनी फाईल मिटली आणि पुढची तारीख दिली.

साहेबांनी परत येऊन फाईल टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. त्याचीच जास्त भीती वाटली.

"हे कोणी केलं?"

"मी," मुलगी म्हणाली. मग पिशवी उचलून, कोणाकडे न बघता जिना उतरली.

रात्री जेवताना बाईंनी धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. दोघी एकत्र राहत. बहिणीचं बोलणं मऊ, पण नेम अचूक.

"आकडे बदलायचे नाहीत, हे तू तिला सांगितलं होतंस का, ताई?"

"हे काय सांगायचं असतं?"

"तुला माहीत असलेलं सगळं जगाला माहीत असतं, नाही? मला कुलूप लावायला सांगतेस आणि किल्ली तुझ्या पिशवीत घेऊन जातेस, त्यातलीच गत."

बाईंनी ताट सरकवलं. त्यांना पहिल्या वर्षातलं कागदांचं कपाट आठवलं. अशीच कुठलीशी चूक झाली होती आणि त्याच्या दाराआड उभं राहून त्यांनी पदर तोंडात कोंबला होता. एकतीस वर्षं त्या समजत होत्या की शिकणं म्हणतात ते हेच.

सकाळी मुलगी यायच्या आधी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

"कालची चूक माझी आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकतोय."

"फार मनावर घेऊ नका. तिला मी काही सांगितलंच नव्हतं."

"आणि आधीची चौघं?"

"तिघं माझ्यामुळे गेली. एक तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे? कोण?"

"ज्याला तुम्ही तीन महिने दुसऱ्याच्याच नावाने हाक मारत होता, तो. बिचारा ओ देऊन देऊन दमला."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. "खुर्चीचं परीक्षेपर्यंत बघू," इतकंच म्हणाले.

मुलगी आली ती पाकीट घेऊनच. बाईंनी उभ्याउभ्या राजीनामा वाचला. चार ओळींचा होता. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, 'पान १ पैकी १'. बाईंना हसू आवरेना.

"बस."

"बाई, मी फक्त हे द्यायला आले होते."

"दिलंस ना? आता बस. आणि विचार."

"काय विचारू?"

"जे पोटात आहे ते. आज डोळ्यांचं नाव काढणार नाही."

मुलगी खुर्चीच्या कडेला टेकली. मग हळूच म्हणाली, "अडतीस कुठे गेलं?"

"ते पान कोर्टाच्या परवानगीने मागे घेतलं. पान गेलं तरी त्याचा आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही. कोर्टाच्या प्रतीत जे आकडे, तेच आपल्या. कितीही वेडेवाकडे असोत."

"मग नवं पान आलं तर?"

"शेवटी लावायचं."

मुलीने पिशवीतून वही काढली आणि मागून उघडली. दोन पानं भरून प्रश्न होते, पहिल्या दिवसापासून साठवलेले. बाईंनी खोडरबर शोधायच्या निमित्ताने खण उघडला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ त्यात डोकं घातलं.

दोघींनी मिळून जुने आकडे परत घातले. एक खोडायची, एक लिहायची, मधे प्रश्न. दुपार टळली. वहीतला शेवटचा प्रश्न होता, 'बाई माझ्यावर चिडल्या आहेत का?' तो मुलीने वाचला नाही, पण बाईंना समोरून उलटा असूनही दिसला.

"त्याचं उत्तर नाही असं आहे," त्या म्हणाल्या. "लिहून घे."

राजीनाम्याच्या कोऱ्या पाठीवर त्याच संध्याकाळी बाईंनी आपल्या ठसठशीत अक्षरात नियम लिहायला घेतले. पहिला अडतिसाव्या पानाचा. कागद खुर्चीमागच्या भिंतीवर टाचला गेला. साहेब जाता-येता वाचत. एकदा त्यांनी खाली स्वतः भर घातली, 'विद्यार्थ्यांना त्यांच्याच नावाने हाक मारावी.'

परीक्षा आली तेव्हा मुलीने अकरा दिवसांची रजा मागितली. दारात थांबून म्हणाली, "बाई, तोवर इथे दुसरं कोणी बसणार नाही ना?"

"अभ्यास कर जा. देव पाठीशी आहे."

ती जिना उतरल्यावर बाईंनी भिंतीच्या दाव्याची जाडजूड फाईल काढून खुर्चीवर ठेवली. जरा वेळाने साहेब बाहेर आले, खुर्चीकडे बघून काही बोलणार तोच बाई दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "जागा धरलेली आहे."