आटलेल्या स्वेटरांची ऊब

सुरुवातीलाच क्षमा मागतो. देवाच्या अनुभवावर लिहायचे ते ज्यांनी वर्षानुवर्षे उपासना केली, पारायणे केली, अशा माणसांनी. मी घाटकोपरच्या टेकडीवर बैठ्या चाळीत राहणारा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अर्जापलीकडे काही लिहिलेले नाही, आणि आता ते अर्जही मीच लिहितो. गुरुवारी देवळात जातो तो आई पाठवते म्हणून, आणि परीक्षा जवळ आली की आपणहून. त्यामुळे मला अनुभव आला असे म्हणताना जीभ अडखळते. जे घडले ते खरे तर आईचे आहे. पण तिला लिहिता येत नाही, आणि सांग म्हटले तर ती म्हणते, "देवान केला ता देवाक ठावक. माका काय विचारतंस?" म्हणून मी लिहितो आहे. मांडण्यात काही चुकले तर ते माझे समजावे.

आमच्या चाळीच्या खालच्या अंगाला दत्ताचे छोटे देऊळ आहे. तिथले मंडळ दरवर्षी दत्तजयंतीला मुलुंडच्या डोंगरामागच्या पाड्यांवर मुलांना कपडे वाटते. हे घडले त्या वर्षी नानांनी, म्हणजे मंडळाचे कामकाज पाहणाऱ्या निवृत्त गृहस्थांनी, गरम कपडेच द्यायचे ठरवले. मुंबईत कसली थंडी, असे मलाही वाटले होते. पण नानांबरोबर एका सकाळी पाड्यावर गेलो तेव्हा झाडांवरून दव पावसासारखे ठिबकत होते. एका झोपडीपुढे एक मुलगी बापाच्या सदऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाहेर होते ते फक्त तोंड. नाना तिला म्हणाले, "बाळ, दत्तजयंतीला तुला स्वेटर आणतो हं." तिने सदरा आणखी खाली ओढला. स्वेटर म्हणजे काय हे तिला ठाऊक नसावे.

आम्ही पोरांनी घाटकोपर आणि मुलुंडच्या इमारतींतून फिरून स्वेटर जमवले. ऑफिसात नोकरी करणारी, सुट्टीत महाबळेश्वर, सिमल्याला जाऊन आलेली ती कुटुंबे. मुले मोठी झाली आणि स्वेटर ट्रंकेत राहिले. डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे ते रंगीत ढीग देवळामागच्या खोलीत आले तेव्हा आई त्यांच्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ बसली. आम्ही मालवणकडचे. बाबा गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. आमच्या घराला कापूस कळतो. लोकर मात्र घरात कधी आलीच नव्हती.

आमच्या देवळात दानाची वस्तू धुतल्याशिवाय दत्ताच्या पायाला लावत नाहीत. पायाला लावायची, एक रात्र तिथे ठेवायची आणि मग द्यायची, असा रिवाज आहे. धुण्याचे काम आईने मागून घेतले. तिचे म्हणणे एवढेच होते, "कोणाकोणाच्या अंगातले कपडे हे. पोरांक कोणाची खरूज-बिरूज लागूक नको. चांगले उकळून काढूया."

बाबांना ते लगेच पटले. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटले होते. त्या काळात मी त्यांना उंबऱ्यावर बसून समोर बघत राहिलेलेच जास्त पाहिले होते. त्या दिवशी ते उठले, बाह्या सरसावल्या, देवळामागे तीन दगडांवर पत्र्याचे पिंप चढवले आणि सोड्याचे प्रमाण स्वतः ठरवले. "पाणी खळखळूक होया," ते आईला सांगत होते, "नायतर कपड्यातली घाण जाणा नाय." बांबूने ते स्वेटर ढवळत होते आणि आई शेजारी उभी राहून नामस्मरण करत होती. त्या दोघांना एकत्र काम करताना पाहून मला इतके बरे वाटले, की तो ओल्या लोकरीचा वास अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी स्वेटर देवळाच्या गच्चीवर वाळले आणि आम्हाला कळले. दहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर माझ्या वितीएवढा झाला होता. जाड, घट्ट, कांबळ्याच्या तुकड्यासारखा. एकही वाचला नव्हता. आई एकेक उचलून ओढून बघत होती, जणू जोर लावला तर तो परत मोठा होईल.

नाना वर आले. त्यांनी एक निळा स्वेटर हातात घेतला. "वहिनी, हा माझ्या नातवाचा," ते म्हणाले. "आता त्याच्या टेडीबेअरला होईल."

शेजारच्या शेवंताकाकू नेहमीच्या फटकळ. "पाड्यावर कशाला नेता? देवळातल्या बाळकृष्णाला घाला सगळे. यंदा त्याची चैन आहे."

काकू वाईट नाहीत. बोलून झाल्यावर त्यांनाच कसेतरी झाले आणि त्या आईजवळ जाऊन बसल्या. पण आईने मान वर केली नाही. संध्याकाळी मी कॉलेजातल्या सरांकडून ऐकलेले तिला सांगितले, की लोकर प्राण्याच्या केसांची असते, कढत पाण्यात ती आवळून येते. ती शांतपणे म्हणाली, "आता सांगतंस होय?" बाबा पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले होते.

दत्तजयंतीला पाड्यावरच्या मुलांना चादरी दिल्या. नानांनी कशाबशा मिळवल्या होत्या. त्या मुलीला मी चादर दिली तेव्हा तिने ती आनंदाने घेतली, पण शाळेत जाताना चादर पांघरून जाता येत नाही. त्या वर्षी त्या मुलांना स्वेटर मिळाले नाहीत, हे मी लपवणार नाही. जे पुढे घडले त्याने ती उणीव भरून निघाली असेही मी म्हणत नाही.

आटलेले स्वेटर दोन गोणपाटांत भरून देवळामागे पडले होते. नाना म्हणाले, "बोहारणीला देऊन टाक. देवळाला एखादे पातेले तरी येईल." म्हणून मी ती गोणपाटे ओढत बाहेर काढली. पायऱ्यांवर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या आसपास, पांढरे पातळ, हातात कापडी पिशवी. प्रसाद खाऊन हात पुसत होत्या. ओळखीच्या नव्हत्या. नात्यातल्या कोणाकडे आल्या होत्या आणि जाता जाता देऊळ दिसले म्हणून थांबल्या होत्या, असे नंतर बोलण्यात आले.

"काय आहे रे त्यात?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "काही नाही. खराब झालेले स्वेटर."

त्यांनी गोणपाटाचे तोंड उघडले. एक स्वेटर काढला, त्याच्या बाहीत मूठ घातली, मग तो गालाला लावला. "कोणी केलं हे?"

मला वाटले, आता यांचेही ऐकावे लागणार. मी सांगितले, की माझ्या आईने उकळले, तिला ठाऊक नव्हते.

"उकळलेत?" त्या म्हणाल्या. "सोडा घालून?" आणि दुसरा स्वेटर काढला, मग तिसरा. "मी बाळंतपणाच्या हॉस्पिटलात आहे, बाबा. दिवस भरायच्या आधी आलेली बाळं असतात आमच्याकडे. एवढीशी. त्यांना कापसात गुंडाळून ठेवतो. या मापाचं लोकरीचं कोणी विणत नाही, आणि विणलं तर ते इतकं दाट नसतं. मला देशील का हे? आईला विचार हवं तर."

मी नानांना विचारले. ते म्हणाले, "घेऊन जाऊ दे बिचारीला." मी रिक्षा आणली, गोणपाटे आत ठेवली. त्या गेल्या. त्यांचे नाव, हॉस्पिटलचे नाव, काही विचारायचे सुचलेच नाही.

धावत घरी येऊन मी आईला सांगितले. मला वाटले होते तिचा चेहरा उजळेल. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "दया इली असतली तिका. तू पोर रडवेला दिसलंस, म्हणान घेवन गेली. रस्त्यात खंयतरी टाकल्यान असतले." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एका तरी पोराक त्याची ऊब लागली, असा कळल्याशिवाय मी दत्ताच्या समोर उभी रवाचंय नाय."

ते तिने खरे केले. देवळाचा सभामंडप रोज सकाळी आई झाडायची. मी लहान होतो तेव्हापासूनचा तो नेम. तो तिने सोडला. गुरुवारची आरतीही सोडली. घंटा ऐकू आली की स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायची. बाबा एकदा म्हणाले, "अगो, देवाशी कसला भांडाण?" ती म्हणाली, "भांडाण नाय. तोंड दाखवूक लाज वाटता."

मी त्या बाईंना शोधायला निघालो. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, जिथे जिथे बाळंतपणाची हॉस्पिटले असतील तिथे कॉलेज सुटल्यावर जात होतो. दारावरचे लोक विचारायचे, "नाव काय सिस्टरचं?" मी म्हणायचो, ठाऊक नाही. "पेशंट कोण?" पेशंट नाही. "मग पाहिजे काय?" स्वेटर. एकाने तर मला बसवून पाणी दिले, त्याला वाटले माझे डोके फिरले आहे. कुठेच पत्ता लागला नाही.

देवळातली झाडलोट आता गुरवाची सून उरकायची, पण तिला लहान मूल होते. म्हणून मी ते काम घेतले. खरे सांगायचे तर माझा त्यात स्वार्थ होता. रोज झाडू मारताना मी दत्ताला एकच मागणे मागायचो: ती बाई परत येऊ दे, एवढे एकदा कर. माघ गेला, फाल्गुन गेला. मी रागावून झाडू लागलो. मला वाटायचे, आईने मुलांच्या काळजीने हे केले, त्या काळजीची ही फेड? मग परीक्षा आली, आणि अभ्यासाच्या दडपणात मागायचे राहून जाऊ लागले. एका सकाळी मंडप झाडून झाल्यावर लक्षात आले, की आज मी काहीच मागितले नाही. नुसते झाडले. कोपऱ्यातले जाळे काढले, पायरीवरची फुले उचलली, आणि मन कधी नव्हे ते स्वस्थ होते. आईने इतकी वर्षे हेच केले असणार. आपण आपल्या समजुतीप्रमाणे हातून होईल ते त्याच्या पायाशी ठेवायचे. ते कोणाला पोचेल, कोणत्या रूपात पोचेल, आणि पोचल्याचे आपल्याला कळेल की नाही, हे त्याचे त्याच्याकडे असू द्यायचे. हे मी फार मोठे कळल्यासारखे लिहितो आहे. तेवढे कळलेले नाही. पण त्या दिवसापासून मी हॉस्पिटले शोधणे थांबवले आणि झाडणे चालू ठेवले. त्या स्वस्थपणाबद्दल मी दत्तमहाराजांचा ऋणी आहे. पुढे बातमी आली नसती तरी राहिलो असतो, असे मनापासून वाटते.

ज्येष्ठ लागला होता. सकाळी मी पायरी धूत होतो, तेव्हा एक माणूस येऊन उभा राहिला. उन्हाने रापलेला, खांद्यावर टॉवेल. चपला बाहेर काढून त्याने विचारले, "स्वेटर उकळणारी बाय इथंच राहते का?"

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. तो मनोरीचा मच्छीमार होता. खाडी ओलांडून, मालाडवरून आला होता. त्याची बायको मालाडच्या बाजूला हॉस्पिटलात होती, तिथल्या सिस्टरने त्याला या देवळाची खूण सांगितली होती. मी इतके दिवस शोधले ते शहराच्या दुसऱ्याच अंगाला. "कधीचं यायचं होतं," तो म्हणाला. "पावसाआधी होड्या वर ओढल्या, मग सवड झाली."

मी बादली ठेवली आणि त्याला हात धरून चाळीत घेऊन आलो. आई तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "आई, हे तुला भेटायला आलेत." बाबा उंबऱ्यावरून उठून उभे राहिले.

तो दारातच खाली बसला. आईकडे न पाहता बोलू लागला. "जुळी झाली आम्हाला. सातव्यात. एक मुलगा, एक मुलगी. सिस्टर बोलली, दोघांना वेगळं नको ठेवायला. एका लाल स्वेटरात दोघांना घातलं. बाह्या कापून टोप्या केल्या." त्याने टॉवेलने तोंड पुसले. "पोरगा नाही राहिला. तीन दिवस होता. पण मी हातात घेतला ना बाय, तो गरम होता. सिस्टर बोलली, तुझा मुलगा उबेत गेला."

आईच्या सुपातला हात थांबला होता. शेवटी तिने विचारले, "आणि चेडू?"

"आहे," तो म्हणाला. "घरी आहे. दोन्ही गाल भरलेत." आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. "आता तर तिला उकडतं. अंगावर काही घातलं की लाथेनं उडवते."