त्याचा भाव मीच पाडला

मालेगावच्या मैदानावर कबड्डीच्या एका व्यावसायिक संघासाठी कॉलेजच्या खेळाडूंची निवड चाचणी होती. मेडशीचा एक पोरगा मी माझ्या गाडीतून आणला होता. चढाईला असा चपळ, की पकडणाऱ्याचे हात मिटेपर्यंत हा परत आलेला असायचा. दोन वर्षं मी त्याचा प्रत्येक सामना पाहिला होता. कॉलेजचं त्याचं शेवटचं वर्ष. ही चाचणी हुकली, की कबड्डी सुटली आणि वावरातली शेती सुरू.

त्याला आणण्यामागे माझा एक जुना राग होता. मी कॉलेजात असताना निवड करायला आलेल्या माणसाने मला एक चढाईही करू दिली नाही. भिंतीशी उभं करून टेपने उंची मोजली आणि बाजूला बसवलं. पुढे मी हमाली केली, मग सोयाबीनची खरेदी, आज स्वतःचं गोदाम आहे. पण तो टेप आठवला की अजून डोकं तापतं. हा पोरगा माझ्याच उंचीचा.

पुण्याहून निवडीसाठी एक माजी खेळाडू आले होते. पोराच्या दोन चढाया पाहून ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "हा तुमचा ना? कसा आहे?"

वीस वर्षं माझ्यासमोर माल आला की मी खोड काढतो. पोत्यात खोल हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचं. ओल आहे, माती आहे. मग शेतकरी चिडून आपल्या मालाची तारीफ करतो आणि बोलता बोलता सौदा जमतो. माल जितका पसंत, तितकं माझं तोंड वाकडं. त्या दिवशीही तेच तोंडातून निघालं.

"बरा आहे," मी म्हणालो. "उंची नाही. डावा गुडघा जरा कच्चा वाटतो."

मला वाटलं, ते म्हणतील, छे, चांगला तर खेळतोय. त्यांनी नुसती मान हलवली, वहीत लिहिलं आणि पुढच्या खेळाडूकडे वळले.

पोरगा पाणी प्यायला आमच्या मागेच आला होता. त्याने सगळं ऐकलं.

"भाऊ, माह्या गुडघ्याले कधी काय झालं?"

मला आधी राग आला तो पुण्याच्या माणसाचाच. उलट बोलायचं सोडून लिहून काय घेतो हा! मग लक्षात आलं, दिवसभरात त्यांनी टेप काढलाच नव्हता. उंचीचं नाव मी घेतलं होतं.

मी तडक त्यांच्याकडे गेलो. तिथे उभ्या कॉलेजांच्या चार प्रशिक्षकांसमोर सांगितलं, की मी धान्याचा व्यापारी आहे, मला चांगल्या मालाला नावं ठेवायची सवय आहे, पोराचा गुडघा ठणठणीत आहे. प्रशिक्षक हसले. माझे कान तापले, पण मी तिथून हललो नाही.

पुण्याचे ते माजी खेळाडू मात्र हसले नाहीत. "गुडघ्याच्या बाबतीत मी कोणाच्या शब्दावर जात नाही," म्हणाले, आणि पोराला लागोपाठ सहा चढाया करायला लावल्या.

चौथ्या चढाईत त्याचा उजवा घोटा धरला गेला. पोराने सगळा भार डाव्या पायावर घेतला, दोघांना फरफटत आणलं आणि मधल्या रेषेला हात टेकवला. सहा झाल्यावर त्यांनी स्वतः त्याचा गुडघा अंगठ्याने दाबून पाहिला, उठबशा काढायला लावल्या. मग वही उघडून माझी ओळ खोडली आणि सराव शिबिराच्या यादीत त्याचं नाव लिहिलं. मी तिथेच गवतावर बसलो.

परतताना मेडशीत घर दिसल्यावर पोरगा म्हणाला, "भाऊ, यापुढं कोणी विचारलं तं तुमी काई बोलू नका."

एरवी मी असं कोणाचं ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी बरं म्हणालो. त्याने दार उघडलं आणि माझ्याकडे बघत, मुद्दाम, डाव्या पायावर उडी मारून उतरला.