पंगतीतली हावरी

अन्साकाकू गेल्याचा फोन सेलूहून आला, तेव्हा आमच्या परभणीच्या घरात पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "जेवून गेल्या का?" कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. पलीकडून त्यांची सून सुमन रडता रडताच म्हणाली, "हो मावशी. वरणभात खाल्ला, वर दही मागून घेतलं, आणि मग भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच..." नव्वदीचं माणूस जेवून उठता उठता गेलं, याला भाग्यच म्हणायचं. पण फोन ठेवल्यावर घरातली पोरं हसली. 'पंगतीतली हावरी गेली' म्हणाली. सेलूतही तेच म्हणत असणार, कारण तिथल्या आमच्या जुन्या गल्लीत त्यांचं दुसरं नाव तेच होतं. मला मात्र ते त्या दिवशी टोचलं. त्या नावामागची हकिकत आपल्याला एकटीलाच माहीत आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मी चुडाव्याहून लग्न होऊन सेलूला आले ती निजामाच्या राज्यात. आमचे हे तहसिलीत कारकून. शेजारी अन्साकाकू. त्यांचे यजमान, गुरुजी, सरकारी शाळेत उर्दूतून हिशेब शिकवायचे आणि घरी आले की मराठीतून कुरकुरायचे. कुरकुरीचा विषय बहुतेक वेळा स्वयंपाक. काकूंच्या पोळीला ते 'निजामाच्या मुलखाचा नकाशा' म्हणायचे, म्हणजे कुठूनही मोजा, आकार लागत नाही. काकूंना याचं काही वाटत नसे. "मला रांधता येत न्हाई, पण खाता येतं," असं त्या उघड सांगायच्या. आणि खाता यावं म्हणूनच त्यांनी आमच्या गल्लीत अंगतपंगत काढली होती. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणायच्या.

वर्षातून चार-पाच वेळा बायकांनी आपापला डबा आणायचा आणि एकत्र बसून जेवायचं. त्यातली मोठी पंगत कार्तिकात, गावाबाहेर पारूबाईच्या मळ्यात, आवळीखाली. पारूबाई तेव्हा नुकती त्या मळ्याच्या मालकाच्या घरात सून म्हणून आलेली. तिने मुळे, काकड्या, भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणायच्या. तिच्या घरचं शिजवलेलं तेव्हा आमच्या बायकांना चालत नसे, आणि त्यात काही चुकतंय असं आम्हाला वाटतही नसे. काकूंचे नियम दोनच. कोण काय आणणार हे आधी विचारायचं नाही, आणि आपल्या डब्यातलं आपण खायचं नाही. ऐकायला गोड आहे. पण या गोडीत काटे किती, हे अंगतपंगतीत बसलेल्या बाईलाच ठाऊक. कुणाचा डबा आधी रिकामा होतो आणि कुणाचा तसाच घरी जातो, याकडे साऱ्यांचे डोळे. भरलेला डबा परत आला की त्या घरात आठवडाभर भांडी आपटली जायची. काकूंचा डबा तर नेहमीच भरलेला परत जायचा, पण त्या तो रस्त्यात भेटेल त्या गाईपुढे ठेवायच्या आणि मोकळ्या व्हायच्या.

मला असं मोकळं होणं परवडणारं नव्हतं. मला आई नव्हती. भावाच्या घरात वहिनीच्या हाताखाली वाढले, आणि वहिनीने चुलीजवळ कधी येऊ दिलं नाही. सासूबाई करड्या. भात गचका झाला, वरणाला फोडणी करपली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "बांधा गाठोडं, चुडाव्याला धाडते परत." नुसतं बोलणं होतं असं आज म्हणता येईल, पण आमच्या मागच्या गल्लीतली एक सून खरंच अशी धाडली गेली होती आणि परत आणली गेली नव्हती. आमचे हे आईपुढे तोंड उघडत नसत. त्या कार्तिकात सासूबाई म्हणाल्या, "पंगतीचं या खेपेला तू कर. डबा परत आला तर मग बघते." त्या 'बघते'चा अर्थ मला समजला होता.

मी भरली वांगी करायला घेतली. मसाल्यात मीठ घातलं, वांगी भरली, कढईत सोडली आणि आडावर पाणी आणायला गेले. परत येऊन उतरवली. चाखायचा प्रश्नच नव्हता. आवळीला नैवेद्य दाखवल्याशिवाय सोवळ्यातलं कुणी जिभेला लावत नसे. मळ्यात गेलो, पूजा झाली, नैवेद्य झाला, डबे उघडले... आणि हशा पिकला. पाच घरांच्या डब्यांत भरली वांगी! चातुर्मास नुकता संपलेला, चार महिने घरात वांगं आलेलं नाही, आणि विचारायचं नाही हा नियम. प्रत्येकीने मनाशी तेच ठरवलेलं. सगळ्या हसत होत्या, मला रडू येत होतं. पाच वांग्यांत माझी पाचवी. आता तर एकेकीच्या हाताची तुलनाच होणार.

अन्साकाकूंनी सवयीप्रमाणे सगळ्यांआधी हात घातला, तो नेमका माझ्या डब्यात. एक वांगं खाल्लं. क्षणभर थांबल्या. मग दुसरं घेतलं, आणि पुढे जे केलं ते गल्ली पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. डबा उचलून मांडीवर घेतला आणि वरून पदर टाकला. "हे मी कुणाला द्यायची न्हाई. तुमी बाकीची चार खा." बायका ओरडल्या, कुणी पदर ओढला, कुणी 'शोभतं का या वयात' म्हणालं. काकू ढिम्म हलल्या नाहीत. उरलेलं घरी नेते म्हणाल्या. सासूबाईंची मान ताठ झालेली मी पहिल्यांदा पाहिली. संध्याकाळी डबा परत आला तो लखलखीत घासलेला, आणि रिकामं भांडं परत करू नये म्हणून त्यात ओंजळभर आवळे.

दुसऱ्या दिवशी आडावर काकूंनी मला गाठलं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "पोरी, मीठ एकदाच घालावं गं. तू घातलं, आणि बहुतेक तुझ्या सासूनंबी." माझ्या हातातला दोर सुटला. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडायलीस कशाला? आई नसलेल्या पोरींच्या हाताला चव उशिरा येती. माझ्या हाताला तर आलीच न्हाई. कुणाला बोलू नको. तू नीट नांद." त्या दिवसापासून त्या हावऱ्या झाल्या, आणि सासूबाईंच्या तोंडून चुडाव्याचं नाव मी पुन्हा ऐकलं नाही.

नवल असं की काकूंना त्या नावाचा फायदाच झाला. प्रत्येक पंगतीत पहिलं पान त्यांचं. सासूबाईच वाढायच्या, "घे हावरे, आधी तू घे," म्हणत, आणि तुपाची धारही त्यांच्या पानात जरा जास्तच लांब व्हायची. काकू मिटक्या मारत खायच्या. मग ते रझाकारांचं वर्ष आलं. अर्धी गल्ली वऱ्हाडात निघून गेली, मळ्यात जायची सोय उरली नाही. पारूबाईचं घरही वस्ती सोडून गावात आमच्या आश्रयाला आलेलं. काकूंनी अंगणात आवळीची फांदी मातीत खोवली आणि पंगत बसवली. घराघरात गूळ नाही, तेल जपून... डबे उघडले तर सगळ्यांचं पिठलंच. त्यात पारूबाईचंही होतं, आणि ते ती मागे पदराआड घेऊन बसली होती. काकूंनी हात लांब करून ते ओढलं आणि भाकरी मोडली. एकदोघी दचकल्या, पण हावरीला कोण अडवणार? "लय झ्याक झालंय," म्हणाल्या, "घ्या गं." अंगणाच्या दाराला आतून अडसर लावलेला, तरी त्या दिवशी सात घरांची सात पिठली आम्ही चाखली आणि कुणाचं पातळ, कुणाचं गाठींचं यावर भांडलोसुद्धा. गाठींचं अर्थात काकूंचं. बाहेर काय चाललंय हे तेवढा वेळ आम्ही विसरलो. आज वाटतं, एवढ्यासाठी तरी त्या बाईचे पाय धरायला हवे होते.

सासूबाई गेल्यावर मी काकूंना म्हटलं, आता मी सगळ्यांना खरं सांगते. त्या गडबडून म्हणाल्या, "छे गं! मग मला पहिलं पान कोण वाढील?"

दिवस चालू असताना मी सेलूला गेले. सुमनच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या. तेराव्याला काय करावं, काकूंना काय आवडायचं, याचं बोलणं चाललेलं. "सगळंच की, हावऱ्याच होत्या," कुणीतरी म्हणालं आणि हसू पसरलं. मला राहवलं नाही. मी मिठाची सगळी गोष्ट सांगून टाकली. कोपऱ्यात बसलेली पारूबाई, आता तिलाही धड दिसत नाही, ती म्हणाली, "वैनी, हे आमाला ठावं हाय की."

"तुला कसं?" मी विचारलं.

"मी त्या दिशी मळ्यात पाण्याच्या पाटावर व्हते. काकू आल्या, वांगी धुतली आन् बैलाम्होरं टाकली. बैलांनी गुमान खाल्ली. काकू मातर पाणी पिऊन पिऊन बेजार."

"आणि तू सगळ्यांना सांगितलंस? सासूबाईंनाही?"

"म्या कशाला सांगू? तुमच्या सासूनंच मला सांगितलं. कढईत रस ऱ्हायला व्हता, त्यो चाखला तिनं घरी गेल्यावर. म्हणली, पारू, मीठ म्याबी टाकलं गं वरून. सुनंला आता कोण्या तोंडानं बोलू?"

म्हणजे ते पहिलं पान, ती तुपाची लांब धार, सारं जाणूनबुजून... आणि मी इतकी वर्षं समजत होते की काकूंच्या सोंगाला सासूबाई फसल्या म्हणून मी त्या घरात राहिले. सासूबाईंवरचा राग मी मनात जपून ठेवला होता, त्याचं आता काय करावं ते मला कळेना. मी पदर तोंडाला लावला. सुमनने हळूच विचारलं, "मग तेराव्याला काय करायचं?"

पारूबाई म्हणाली, "काय बी कर, माय. तिला समदं चालतं."